बीएमआय नॉर्मल पण रिपोर्ट लाल, चेकअपचा अर्थ लावायचा कसा?

काठावरचा

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय, आधी चर्चा झाली असेल तर तिकडे हाकला.

मी आणि बायको दोघांनी रूटीन हेल्थ चेकअप करून घेतलं. मी वय ४३, उंची १७० सेंमी, वजन ७२, बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २४.९. बायको वय ४१, उंची १५८, वजन ७७, बीएमआय ३०.८. रिपोर्टवर माझ्यापुढे हिरव्या अक्षरात नॉर्मल, तिच्यापुढे लाल अक्षरात ओबीज. इथपर्यंत ठीक, पण रक्ताची पानं उघडली तर सगळं उलटं. माझी उपाशीपोटी साखर १०८, एचबीए१सी (म्हणजे तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज) ५.९, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २१२, एचडीएल (चांगलं कोलेस्ट्रॉल) ३६, एसजीपीटी (लिव्हरचं एन्झाइम) ५८, सोनोग्राफीत ग्रेड वन फॅटी लिव्हर, बीपी १२८/८४. तिची साखर ९१, एचबीए१सी ५.३, ट्रायग्लिसराइड्स ११८, एचडीएल ५४, लिव्हर स्वच्छ, फक्त बीपी १३८/८८.

डॉक्टरांनी तिला वजनावरून चांगलंच झापलं आणि मला म्हणाले "तुमचं ठीक आहे, जरा चालत जा". दोन मिनिटांत खेळ खलास. ती तेव्हापासून धुमसतेय, रिपोर्ट तुझे वाईट आणि ओरडा मला म्हणते, आणि खरं सांगायचं तर तिचं चुकतंय असं मला वाटत नाही.

अजून एक घोळ. मागच्या खेपेला दुसऱ्या लॅबमध्ये केलं होतं तेव्हा एवढ्याच वजनाला मला ओव्हरवेट लिहून दिलं होतं. मग मी नक्की कोण? आणि आजार भलतीकडेच निघणार असेल तर चेकअपला वजन-उंची घेण्याचा उपयोग काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

हातोडी

सोप्पंय, बीएमआय हे थोतांड आहे. ज्याने हे सूत्र काढलं तो क्वेटले डॉक्टरच नव्हता, बेल्जियमचा गणिती होता, १८३० च्या दशकात "सरासरी माणूस" कसा असतो त्याची आकडेवारी जमवत बसलेला, त्याला कुणाच्या तब्येतीशी काही घेणंदेणं नव्हतं. बॉडी मास इंडेक्स हे नावसुद्धा ॲन्सेल कीज वगैरेंनी १९७२ साली दिलं. व्यायामशाळेत वजनं उचलणारा माणूस यात लठ्ठ निघतो आणि काडीपैलवान पोट सुटलेला माणूस नॉर्मल निघतो. फाडून टाका तो रिपोर्ट आणि आरशात बघा.

गप्पवाचक

हातोडीशेठ +१. पण आरसा माझ्याशी नेहमीच खोटं बोलतो त्याचं काय करायचं?

ओपीडीनंतर

फाडू नका हो. मी फिजिशियन आहे, दिवसभर हेच बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. (इथे वाचून औषध चालू किंवा बंद करू नका, हे एकदा सांगून ठेवतो.)

हातोडी म्हणतात तो इतिहास बरोबर आहे, निष्कर्ष नाही. बीएमआय फुकटात होतो, मिनिटभरात होतो आणि हजारो लोकांत कुणाकडे जास्त लक्ष द्यायचं हे बऱ्यापैकी सांगतो. गाळणी म्हणून चांगला आहे, निकाल म्हणून वाईट. चेकअपमध्ये चूक होते ती तो मोजण्यात नाही, तो मोजून तिथेच थांबण्यात.

आधी तुमचा "मी कोण" हा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण निकषात २५ च्या पुढे ओव्हरवेट, ३० च्या पुढे ओबीज. २००४ मध्ये त्यांच्याच तज्ज्ञगटाने आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे जास्तीचे टप्पे सुचवले, कारण या लोकांत डायबिटीस आणि हृदयविकार कमी वजनालाच दिसायला लागतात. जुने २५ आणि ३० मात्र रद्द केले नाहीत. त्यानंतर भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपले निकष काढले, त्यात २३ ला ओव्हरवेट आणि २५ ला थेट ओबीज. एका लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये एक तक्ता, दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरा, एवढंच झालंय. तुमच्या उंचीला २५ चा बीएमआय ७२.२५ किलोला होतो, म्हणजे ग्लासभर पाणी पिऊन काट्यावर उभे राहिलात तर एका तक्त्यात तुम्ही जेमतेम ओव्हरवेट आणि दुसऱ्यात ओबीज. यावरून त्या शब्दाला किती महत्त्व द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

आता मुद्द्याचं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघे शेजारी शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. मेडिकलच्या पोरांना मी अजून हेच उदाहरण देतो, याहून चांगलं मला सापडलेलं नाही. वजनकाट्याला स्नायू कळत नाही, चरबी कळत नाही आणि चरबी कुठे साठलीय हे तर अजिबातच कळत नाही.

आणि कुठे साठलीय यावरच सगळं अवलंबून आहे. कातडीखाली, मांड्यांवर, नितंबांवर साठलेली चरबी त्या मानाने गरीब. ते कपाट भरलं की सामान पॅसेजमध्ये यायला लागतं, म्हणजे आतड्यांभोवती, लिव्हरमध्ये, स्वादुपिंडात. आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारी फॅटी ॲसिड्स पोर्टल व्हेनमधून (आतड्यांकडून लिव्हरकडे जाणारी शीर) थेट लिव्हरला जाऊन पोचतात, लिव्हर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, रात्रभर साखर सोडत राहतं (म्हणून सकाळची उपाशीपोटीची साखर वर), ट्रायग्लिसराइड्स जास्त बनवतं, त्या ओघात एचडीएल खाली येतं आणि उरलेली चरबी स्वतःतच साठवतं, मग एसजीपीटी वाढतं. तुमच्या रिपोर्टमधल्या पाच ओळी हे पाच वेगळे प्रॉब्लेम नाहीत, एकच आहे. कुणाचं कपाट मोठं असतं, कुणाचं लहान, ते बरंचसं आईबापांकडून येतं. तुमचं लहान दिसतंय, वहिनींचं मोठं. बायकांना मेनोपॉजपर्यंत याबाबतीत थोडं संरक्षण असतं, नंतर पोटाकडे साठायला सुरुवात होते, म्हणून तिचे आजचे चांगले रिपोर्ट कायमचे समजू नका.

याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. जेराल्ड रिव्हन यांनी १९८८ मध्ये हे सगळं एकत्र बांधून सिंड्रोम एक्स म्हटलं होतं, निकष पुढे बदलत गेले, २००९ मध्ये मोठ्या संघटनांचं एकमत झालं. पाचपैकी तीन असले की झालं: कंबर वाढलेली, ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा वर, एचडीएल पुरुषांत ४० च्या आणि बायकांत ५० च्या खाली, बीपी १३० किंवा ८५ आणि वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. तुमचे कंबर न मोजताच तीन भरले. बीपी एका आकड्याने वाचलं. तुमच्या डॉक्टरांनी "तुमचं ठीक आहे" कशाच्या जोरावर म्हटलं मला कळलं नाही.

दोघांच्याही रिपोर्टमध्ये कंबर दिसत नाही. घेतली होती का?

काठावरचा

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार, एवढं तर आजवर कुणीच समजावलं नव्हतं. नाही, कंबर कुणीच घेतली नाही. पण माझी पँट ३४ ची आहे म्हणजे ८६ सेंमी, मग ती तरी ठीक ना?

ओपीडीनंतर

पँटवर जाऊ नका. पोट सुटलं की पँट पोटाखाली घसरते, नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो आणि माणूस खूश. शिवाय कपड्याच्या लेबलावरचा नंबर आणि टेपचा नंबर यांचा फारसा संबंध नसतो.

कपडे बाजूला करून टेप थेट अंगावर लावा. सगळ्यात खालची बरगडी बोटाने चाचपा, मग कमरेच्या हाडाची वरची कड चाचपा, दोन्हींच्या मधोमध टेप गोल फिरवा, जमिनीला समांतर ठेवा, रुतू देऊ नका. श्वास सहज सोडा आणि मग वाचा. पोट आत ओढलंत तर आकडा सुंदर येईल, उपयोगाचा नाही. दक्षिण आशियाई लोकांसाठी पुरुषांत ९० आणि बायकांत ८० च्या वर गेलं की धोक्याची पट्टी धरतात, युरोपीय पुरुषांसाठी ९४ धरतात, अमेरिकेत बराच काळ १०२ आणि ८८ वापरत आलेत. एवढं लक्षात राहत नसेल तर कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, बस. ब्रिटनच्या नाइसने (उपचारांचे निकष ठरवणारी तिथली संस्था) २०२२ पासून हेच लोकांना सांगायला सुरुवात केलीय, ०.५ पासून धोका वाढलेला, ०.६ पासून जास्त.

काठावरचा

मोजली. ९६. दोनदा मोजली, दुसऱ्यांदाही ९६च. म्हणजे ०.५६. बायकोची ९२, म्हणजे ०.५८. ती म्हणतेय की मग मी पण काही सुटले नाही. आता दोघं सारखेच धुमसतोय.

आणखी एक, विचारू की नको करत होतो. ती घोरते, आणि गेले काही महिने दुपारी बसल्या बसल्या डुलकी लागते. मी एकदोनदा रात्री बघितलंय, मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो आणि मग एकदम दचकून घेते. चेकअपमध्ये याबद्दल कुणी विचारलंच नाही.

रात्रपाळी

हे वाचून लिहायलाच पाहिजे म्हणून लॉगिन केलं. मी स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे. घोरणं, दिवसा पेंग आणि कुणीतरी श्वास थांबताना बघणं, हे तिन्ही म्हणजे स्टॉप-बँग नावाच्या आठ प्रश्नांतले तीन गुण झाले, तीनला मध्यम धोका धरतात आणि पाचपासून जास्त. बीपी खरंच वाढलेलं निघालं तर चौथा. फॅमिली डॉक्टरांना सांगून स्लीप स्टडी करून घ्या, आता घरी नेऊन बोटाला आणि छातीला लावायची छोटी मशीन्सपण असतात. तासाला पाचपेक्षा जास्त वेळा श्वास अडत असेल आणि असा त्रासही असेल तर स्लीप ॲप्निया, पंधराच्या पुढे मध्यम, तीसच्या पुढे तीव्र. साखर, कोलेस्ट्रॉल सगळं स्वच्छ असून ॲप्निया असलेले पेशंट माझ्याकडे रोज येतात, रक्तात हे दिसत नाही. आणि उपचार न केलेला ॲप्निया स्वतःच बीपी वाढवतो.

दुसरं, वहिनींचं बीपी घेताना कफ (दंडाला बांधायचा पट्टा) कुठला लावला होता ते आठवतंय का? दंड जाड असला आणि नेहमीचा कफ कसाबसा ओढून बांधला तर बीपी खोटं वर येतं. यावर नीट अभ्यास झालाय, २०२३ मध्ये छापून आला, ज्यांना लार्ज कफ लागतो त्यांना रेग्युलर लावला तर वरचा आकडा सरासरी ५ च्या आसपास जास्त आणि एक्स्ट्रा लार्ज लागणाऱ्यांत तर जवळपास २० ने जास्त. वीस! लोक उगाच गोळ्या खात असतील. बरोबर मापाचा कफ मागायचा, नसेल तर दुसरीकडे मोजायचं.

काठावरचा

कफ. हो. ती आत्ता सांगतेय की सिस्टरला दोनदा बांधावा लागला, पहिल्यांदा सुटला म्हणून.

शेवंता_नव्हे

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, म्हणजे झापून घेणाऱ्यांच्या बाजूने. माझा बीएमआय ३४. कान दुखतोय म्हणून गेले तरी आधी वजन. घसा, पाठ, चष्म्याचा नंबर, काहीही असो, वजन कमी करा. एकदा तर माझं सगळं ऐकून घ्यायच्या आधीच सल्ला तयार होता. याचा परिणाम असा की मी मधली काही वर्षं चेकअपच टाळलं, आणि टाळणारी मी एकटी नाही हे नंतर कळलं, वजनावरून अपमान झालेले लोक डॉक्टरकडे जायचंच लांबवतात असं बऱ्याच संशोधनात दिसलंय. मग जे लवकर सापडलं असतं ते उशिरा सापडतं आणि तेव्हाही दोष आमचाच.

माझं वजन वाढलं ते स्टेरॉइड आणि नंतर एक मानसिक आजाराचं औषध यांच्यामुळे, हे ओळखायला एका डॉक्टरबाईंनी फक्त एक प्रश्न विचारला, "वजन कधीपासून वाढायला लागलं आणि तेव्हा काय चालू होतं?" बाकी कुणी औषधांची यादीसुद्धा मागितली नव्हती. त्यांनी औषध बदलून दिलं (स्वतःच्या मनाने बंद करू नका कुणी, माझं मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून बदललं). इन्सुलिन, डायबिटीसच्या काही जुन्या गोळ्या, फिट्सचं व्हॅल्प्रोएट, ओलान्झापिन, मिर्टाझापिन, यादी लांब आहे.

काठावरचा, तुमच्या बायकोला माझ्याकडून सांगा, काट्यावर उभं राहायच्या आधी "आकडा मला मोठ्याने सांगू नका" म्हणता येतं. मी म्हणते. सिस्टर लोकांना काही वाटत नाही. आणि "वजनाबद्दल आज बोलायचं का?" असं विचारून सुरुवात करणारे डॉक्टर असतात, शोधावे लागतात.

हातोडी

शेवंताताई, सहमत. म्हणूनच म्हणतोय की हा लठ्ठपणा नावाचा आजार म्हणजे औषध कंपन्यांनी काढलेलं फॅड आहे. पूर्वी लोक गुटगुटीत असायचे, आता पेशंट झाले.

शेवंता_नव्हे

मी तसं अजिबात म्हटलेलं नाही हं. माझे गुडघे दुखतात ते फॅड नाही. आजार आहे म्हणूनच नीट तपासा म्हणतेय, ओरडण्याने कुठला आजार बरा झालाय?

ओपीडीनंतर

शेवंता_नव्हे यांचा प्रतिसाद प्रिंट काढून ओपीडीच्या भिंतीवर लावावा असा आहे.

हातोडींच्या शंकेवर खुद्द डॉक्टरांतही बरीच वर्षं भांडण चालू होतं, लठ्ठपणा आजार की नुसता धोका. जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेटच्या आयोगाने (फ्रान्सेस्को रुबिनो त्याचे प्रमुख) यावर मधला रस्ता सुचवला, मला तो पटतो. पहिलं, नुसत्या बीएमआयवर कुणाला ओबीज म्हणू नका, कंबर किंवा कंबर-उंची किंवा थेट चरबीची मोजणी यातल्या कशानेतरी खात्री करा, बीएमआय ४० च्या वर असेल तर ही खात्री करायचं सोडून द्या, तिथे मोजून काय सिद्ध करायचंय. दुसरं, जास्तीच्या चरबीमुळे एखाद्या अवयवाचं काम बिघडलंय का किंवा रोजच्या हालचाली अडतायत का ते बघा. बिघडलं असेल तर क्लिनिकल ओबेसिटी, म्हणजे आजार, उपचार करायचे. नसेल तर प्रीक्लिनिकल, म्हणजे लक्ष ठेवायचं, सल्ला द्यायचा, गरजेनुसार उपचार.

या चष्म्यातून वहिनींकडे बघा. रक्त स्वच्छ म्हणून आपण सगळे त्यांना "निरोगी" म्हणून मोकळे होणार होतो. स्लीप ॲप्निया निघाला तर त्या क्लिनिकलमध्ये जातात. म्हणजे त्यांना ओरडणाऱ्या डॉक्टरांना वजन दिसलं पण आजार दिसला नाही, आणि तुमचा आजार कागदावर छापलेला होता तर वजन दिसलं नाही. दोघांच्याही बाबतीत एकच प्रश्न विचारायचा राहिला, या चरबीने आत्तापर्यंत काय केलंय?

निकषांची नावं बदलून काय होतं, असं कुणी विचारेल. फार काही होत नाही, जर चेकअपचा फॉर्म तोच राहिला तर. त्यात कंबरेची एक ओळ आणि "घोरता का, दिवसा झोप येते का, गुडघे दुखतात का, पाळी नियमित आहे का, कुठली औषधं चालू आहेत" एवढे प्रश्न घातले तरी निम्मं काम होईल. आणि मानेकडे बघा, मानेच्या मागे किंवा काखेत काळपट मखमलीसारखी जाड कातडी असेल तर ती मळ नसते, इन्सुलिन रेझिस्टन्सची (शरीर इन्सुलिनचं ऐकत नसल्याची) खूण असते, घासून जात नाही. रक्त न काढता मिळणारी माहिती आहे ही.

आकडेमोड

डॉक्टरांच्या परवानगीने एक हिशोब. फॅटी लिव्हर म्हटलं की लोक एकतर घाबरतात नाहीतर "सगळ्यांनाच असतं" म्हणून सोडून देतात. लिव्हरमध्ये व्रण धरायला लागलेत का याचा पहिला अंदाज फिब-फोर नावाच्या सूत्राने येतो आणि त्याला लागणारं सगळं तुमच्या रिपोर्टमध्ये आधीच असतं. वय गुणिले एसजीओटी (एसजीपीटीसारखंच दुसरं एन्झाइम), भागिले (प्लेटलेट हजारांत गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). काठावरचा, एसजीओटी आणि प्लेटलेट टाका.

आणि एक फुकटचा सल्ला, महागड्या पॅकेजमधले फास्टिंग इन्सुलिन, होमा-आयआर (त्यावरून काढलेला इन्सुलिन रेझिस्टन्सचा आकडा), शरीराचं वय सांगणारं मशीन वगैरे बघून भारावू नका. ज्या मशीनवर अनवाणी उभं राहतात ते शरीरातून बारीक करंट सोडून चरबीचा अंदाज करतं, पाणी कमी प्यायलं, व्यायाम करून आलात, तरी आकडा हलतो. टेप हलत नाही.

काठावरचा

एसजीओटी ३४, प्लेटलेट २ लाख ४० हजार.

आकडेमोड

४३ × ३४ = १४६२. ५८ चं वर्गमूळ ७.६२, गुणिले २४० = १८२८. उत्तर ०.८०. १.३ च्या खाली म्हणजे सध्या मोठे व्रण असण्याची शक्यता कमी, फायब्रोस्कॅनसाठी (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) धावायची घाई नाही. २.६७ च्या वर असता तर लगेच लिव्हरच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं. (पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात, वय सूत्रातच असल्यामुळे म्हाताऱ्या माणसांचा आकडा आपोआप फुगतो.)

ओपीडीनंतर

हिशोब बरोबर. फक्त ०.८ आलं म्हणून फॅटी लिव्हर विसरू नका. २०२३ पासून त्याचं नावच मेटाबॉलिक डिस्फंक्शनशी, म्हणजे चयापचयातल्या बिघाडाशी जोडलंय. दारू घेत असाल तर किती ते डॉक्टरांना खरं सांगा, ट्रायग्लिसराइड्सवर त्याचा थेट परिणाम होतो.

काठावरचा

दारू नाही. एचबीए१सी ५.९ म्हणजे डायबिटीस नाही ना? आणि मी बारीकच आहे तर वजन कमी कुठून करू? शिवाय वजन उतरवायची ती इंजेक्शनं हल्ली सगळे घेतायत, त्याबद्दल काय मत?

ओपीडीनंतर

५.७ ते ६.४ प्रीडायबिटीस, ६.५ पासून डायबिटीस. उपाशीपोटीच्या साखरेत १०० ते १२५ आणि १२६. तुमच्या दोन्ही तपासण्या एकच सांगतायत म्हणून शंका नाही. दोन्ही जुळत नसतील तर हिमोग्लोबिन बघायचं, लोहाची कमतरता असली की एचबीए१सी खोटं वर येऊ शकतं.

वजनाचं म्हणाल तर तुम्ही बारीक नाही, तुमचे हातपाय बारीक आहेत. अमेरिकेतल्या डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रामचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. प्रीडायबिटीसवाल्यांना दोन लक्ष्यं दिली होती, वजन ७ टक्के कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं दमदार चालण्याइतका व्यायाम. साधारण तीन वर्षांत डायबिटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिन (डायबिटीसची गोळी) घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. ती माणसं तुमच्यापेक्षा बरीच वजनदार होती, त्यामुळे आकडा जसाच्या तसा तुम्हाला लागू होईल असं नाही, पण ७२ चे ७ टक्के म्हणजे ५ किलो, एवढं धरून चला. काट्यापेक्षा टेपवर लक्ष ठेवा, तुमच्या बाबतीत कंबर आधी उतरेल. सोबत आठवड्यातून दोनदा तरी वजनं उचला किंवा दंडबैठका काढा, साखर जाळायचं सगळ्यात मोठं ठिकाण स्नायू आहेत आणि तेच तुमच्याकडे कमी दिसतायत. नुसतं उपाशी राहून पाच किलो उतरवलेत तर त्यात स्नायूही जातील.

इंजेक्शनांबद्दल या धाग्यावर लिहून उपयोग नाही, तरी थोडक्यात: औषधं चांगली आहेत. सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, टिर्झेपटाइडने त्याहून जास्त. बंद केली की बहुतेकांचं वजन परत चढतं, म्हणून चार महिने घेऊन सोडायची गोष्ट नाही. तुमच्यासाठी मी आज तरी विचार करणार नाही. वहिनींचा मध्यम किंवा तीव्र ॲप्निया निघाला तर बोलण्यासारखं आहे, टिर्झेपटाइडला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासोबतच्या ॲप्नियासाठी मान्यतासुद्धा मिळालीय. पण आधी तपासणी.

क्रम विचाराल तर त्यांची स्लीप स्टडी पहिली, आणि घरी बरोबर मापाच्या कफने आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून. तुमचं रक्त तीन-चार महिन्यांनी परत, नंतर वर्षातून एकदा. आणि पुढच्या खेपेला डॉक्टर "ठीक आहे" म्हणाले तर विचारा, पाचपैकी किती?

रात्रपाळी

स्टडीच्या दिवशी दुपारी झोपू नका आणि चहा-कॉफी टाळा, एवढंच सांगायचं राहिलं होतं. नेलपॉलिश असेल तर एका बोटाचं काढून या, सेन्सर लावताना घोळ होतो.

गप्पवाचक

धागा जमलाय. एक अवांतर, माझा मुलगा १२ वर्षांचा आहे, शाळेच्या तपासणीत बीएमआय २३ लिहून आलाय, म्हणजे तोपण आशियाई ओव्हरवेट समजायचा का?

ओपीडीनंतर

नाही, मुलांना हे आकडे लावायचे नाहीत. वाढत्या वयात बीएमआय आपोआप बदलत असतो, त्यामुळे त्याच वयाच्या आणि लिंगाच्या मुलांच्या तक्त्यावर तो कुठे बसतो ते बघतात, पर्सेंटाइलमध्ये. १२ वर्षांच्या मुलाला २३ मोठ्यांच्या मानाने किरकोळ वाटतो पण तक्त्यावर बराच वर जातो, म्हणून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मात्र मुलासमोर आकड्यावर चर्चा नको. वेगळा धागा काढा, मी तिकडे लिहितो.